भुंगा आणि हिरवी वायर

"ताई, नीट धर! ही स्प्रिंग सुटली तर थेट गंगेत जाऊन पडेल!"

"स्प्रिंग आहे रे, रॉकेट नाही," बकुळ म्हणाली. पण तिने टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

देवव्रतने जीभ दातांत धरून स्क्रू फिरवला. झाकण निघालं. आत दोन मेलेली झुरळं आणि हिरव्या पट्टीवर रांगेने बसवलेले रंगीत पार्ट दिसले.

"ईऽऽ!" सई किंचाळली. "फेका तो डबा!"

"फेकायचं नाही!" बकुळ आणि देवव्रत एकदम ओरडले. वासुदेवकाकांच्या कारखान्यात हा शब्द चालत नसे.

कारखाना म्हणजे एकच खोली. गंगेवरच्या संकठा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत वैजयंती धर्मशाळा होती. तिच्या तळमजल्यावरची ही खोली काकांनी भाड्याने घेतली होती. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, बिघडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर, जुने फोन आणायचे, त्यातले चांगले पार्ट काढायचे आणि त्यांना नवीन काम द्यायचं, हा त्यांचा उद्योग. टेपरेकॉर्डरच्या मोटरचा त्यांनी टेबलावरचा पंखा केला होता. फोनची घंटा धर्मशाळेच्या दाराला लावली होती. आणि दिवाळीआधी धर्मशाळेच्या गच्चीवरच्या टाकीसाठी एक डबी बनवली होती. टाकी भरली की ती पींऽऽ करून ओरडायची.

खोलीत फळ्यांवर चाळीस डबे होते. प्रत्येकावर आनंदीकाकूंच्या अक्षरात चिठ्ठी होती. 'चालणारे.' 'बहुतेक चालणारे.' 'पाय तुटलेले.' एका डब्यावर तर 'हे काय आहे ते ह्यांनाच ठाऊक' असं लिहिलं होतं. गेल्या कार्तिकात काकू गेल्या. काकांना मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ते कमी बोलत. कारखान्याचं दारही बंदच असे. यंदा मेच्या सुटीत शेजारच्या बकुळ आणि देवव्रतने रोज कडी वाजवून वाजवून ते उघडायला लावलं. नागपूरहून त्यांची मामेबहीण सई आली होती, तीही त्यांच्याबरोबर येऊ लागली.

"काका, या झुरळांचं काय करू?" देवव्रतने विचारलं.

"त्यांना मात्र फेक," काका म्हणाले. सई हसली.

तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली!

साधी किंकाळी नव्हती. मुलांचे हात जागच्या जागी थांबले. मग काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला. चौघेही बाहेर धावले.

गल्लीच्या तोंडाशी धर्मशाळेने यात्रेकरूंसाठी थंड पाण्याचं मशीन बसवलं होतं. चकचकीत स्टीलचं, तीन नळांचं. अजून महिनाही झाला नव्हता. त्याच्यासमोर एक वयस्क बाई ओल्या पातळात आडव्या पडल्या होत्या. तांब्या घरंगळत दूर गेला होता. त्या अमरावतीच्या शरदिनीबाई. धर्मशाळेतच उतरल्या होत्या आणि आत्ताच घाटावरून आंघोळ करून येत होत्या.

"कुणीतरी हात ओढला माझा!" त्या थरथरत म्हणाल्या. "नळाला हात लावला, आणि आतून कुणीतरी ओढला!"

त्यांचं मनगट भराभर सुजत होतं. बकुळ त्यांना उठवायला गेली, तर काकांनी तिचा दंड धरून मागे खेचलं. इतक्या जोरात त्यांनी कधीच कुणाला धरलं नव्हतं.

"मशीनला कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आधी बाईंना बाजूला घ्या."

टक, टक, टक, टक. खडावांचा आवाज आला. धर्मशाळेचे व्यवस्थापक विश्वेश्वरपंत पायात नेहमी लाकडी खडावा घालत. ते तीन वर्षांपूर्वी वाईहून आले होते. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली.

"काय झालं? करंट? हात्तिच्या!" त्यांनी ऐटीत नळावर हात ठेवला.



काहीच झालं नाही!

"कुठंय करंट?" पंत म्हणाले. मग त्यांची नजर काकांवर गेली आणि त्यांचा चेहरा बदलला. "आलं लक्षात! वासुदेवराव, ती तुमची पींपीं करणारी डबी! तिच्या तारा आमच्या टाकीत सोडल्यात ना तुम्ही? त्याच टाकीतलं पाणी या मशीनमध्ये येतं! भंगारातल्या वस्तू, त्या दगा देणारच!"

"ती दोन सेलवर चालते, पंत," काका हळू आवाजात म्हणाले. "बिजलीशी तिचा संबंधच नाही."

"मला शास्त्र शिकवू नका! माणूस मेलं असतं आत्ता!" पंतांनी नोकराला गच्चीवर पाठवून ती डबी उपटून आणवली आणि काकांच्या पायाशी टाकली. तिचं झाकण फुटलं. "उद्या दुपारी कबाडी येईल. खोलीतलं सगळं भंगार त्याला द्या आणि किल्ली माझ्याकडे आणा."

गल्लीतली माणसं बघत उभी होती. 

मुलांना वाटलं, आता काका भांडतील. काकांनी डबी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि ते खोलीत गेले. मुलं मागोमाग गेली, तर काका स्टुलावर चढून डबे उतरवायला लागले होते!

"काका! हे काय करताय?" बकुळचा आवाज फाटला. "तुमची चूक नाही ना?"

"नाही."

"मग बोलत का नाही?"

काकांनी 'पाय तुटलेले' डबा टेबलावर ठेवला. "कुणाला सांगू, बेटा? ऐकून घेणारं माणूस होतं, ते गेलं."

 सईला तिथे उभंच राहवेना. "मी पाणी आणते," असं पुटपुटून ती बाटली घेऊन बाहेर पळाली.

क्षणात तिची किंकाळी आली.

ती मशीनपासून दोन हातांवर बसली होती. चेहरा पांढराफटक. बाटली नाल्यात. एक चप्पल पायात आणि दुसरी पायरीवर.

"मी... मी विसरले," ती म्हणाली. "सवयीने नळ धरला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या!"

काकांनी तिचा हात तपासला, नाडी बघितली.  सई ठीक आहे याची खात्री झाल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "पुन्हा विसरायचं नाही. कधीच नाही."

मग बकुळच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "काका! डबी तर काढून टाकली! तरीही करंट लागला! म्हणजे डबीचा दोष नाहीच!"

तिघं पंतांकडे धावले. पंत टक टक करत आले. त्यांनी पुन्हा नळ धरला आणि पुन्हा काही झालं नाही.

"नागपूरच्या पोरींना नाटकं फार!" ते म्हणाले. "चला, निघा!"

"पण मशीन बंद तरी करा!" बकुळ म्हणाली.

"बंद? उद्या सकाळी वर्ध्याहून चाळीस यात्रेकरू येतायत. त्यांना या उन्हाळ्यात काय गरम पाणी पाजू?" मशीनचं बटण होतं ऑफिसात. पंतांनी ऑफिसला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

चाळीस यात्रेकरू! सगळे घाटावरून ओलेचिंब येणार आणि पहिला हात नळाला लावणार! 

"पंतांनाच का लागत नाही?" देवव्रत म्हणाला. "ते काय देव आहेत?"

"देव कसले! खडावा आहेत," सई म्हणाली आणि स्वतःच थबकली. "अरे... खडावा! लाकूड! माझी चप्पल निसटली होती. पाय ओल्या फरशीवर होता. शरदिनीबाईही अनवाणी होत्या!"

"चालणार नाही," काका दारातून म्हणाले. मुलं दचकली. काका कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "खडावा काढा असं पंतांना सांगायचं मनात असेल, तर ते चालणार नाही. माणसाला टेस्टर करायचं नसतं. त्यांनाही नाही."

"मग दाखवायचं कसं?"

काकांनी टेबलावरच्या उघड्या टेपरेकॉर्डरकडे बघितलं.  मग बाह्या वर केल्या.

"देवू, ती हिरवी पट्टी सोडव. बारीक आवाज मोठा करायचं काम तिचं. आता तिला वेगळं काही ऐकवू. बकुळ, रेडिओचा स्पीकर काढ. सई, 'बहुतेक चालणारे' डबा आण."

"पण काका, मशीनपाशी कुणी गेलं तर?"

"मी करतो बंदोबस्त!" देवव्रतने एक पुठ्ठा घेतला, त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत हिंदीत 'पानी में छिपकली गिरी है' असं लिहिलं आणि तो लांब काठीला अडकवून मशीनसमोर रोवून आला.

"पाल पडली? खोटं?" सई म्हणाली.

"करंट आहे म्हटलं तर एकेक जण हात लावून बघेल! पालीला कोण हात लावतंय?"

आणि खरंच, दिवसभर एकही माणूस मशीनकडे फिरकला नाही. दोघीजणी तर नाकाला पदर लावून गेल्या!

आत काम जोरात चाललं. ऊन जाळत होतं. दोनदा बिजली गेली. आता काका बोलत होते. "तारेच्या जोडावर झाळ कमी लाव. मुंगीएवढी. हां!" पहिल्यांदा चालू केलं तेव्हा डबा गप्पच राहिला. दुसऱ्यांदा स्पीकरमधून नुसती खरखर आली. बकुळच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बहुतेकमधल्यांचं असंच असतं," काका म्हणाले. "दुसरा लाव."

तिसऱ्यांदा त्यांनी पट्टीला जोडलेला वीतभर तारेचा तुकडा पंख्याच्या वायरजवळ नेला. वायरला लावला नाही, नुसता जवळ नेला.

हंऽऽऽऽऽऽ!

"भुंगा!" देवव्रत ओरडला. "भुंगा बोलला!"

"बिजली जिथे असेल तिथे हा न शिवताच गुणगुणेल," काका म्हणाले. त्यांनी तार दूर नेली. भुंगा गप्प. जवळ नेली. हंऽऽऽ! आनंदीकाकू गेल्यापासून मुलांनी काकांना हसताना पाहिलं नव्हतं. आता ते जरासे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मुलं गल्लीत आली आणि त्यांचे पाय थिजले. पालीची पाटी गायब होती! पंतांनी ती फाडून चुलीत घातली होती. आणि घाटाच्या पायऱ्यांवरून यात्रेकरूंची रांग येत होती. ओल्या साड्या, ओली धोतरं, सगळे अनवाणी. पुढची बाई तर कडेवर मूल घेऊन सरळ नळाकडेच निघाली होती!

"थांबा!" बकुळ हात पसरून आडवी झाली. "काकू, थांबा! हात लावू नका!"

"अगं, तहान लागलीय पोराला."

"करंट आहे त्यात!"

"पोरींनो!" टक टक टक टक! पंत धावत आले. "परत तुमचं नाटक? धर्मशाळेची बदनामी करता? बाजूला व्हा!"

"नाही होणार!" सई बकुळशेजारी उभी राहिली. 

"एक मिनिट, पंत," काका म्हणाले. इतक्या लोकांसमोर ते महिनोन् महिने बोलले नव्हते. "एकच मिनिट ऐका. मग किल्ली देतो. देवू, दाखव."

देवव्रतने भुंगा पुढे केला. आधी त्याने तो दगडी भिंतीजवळ नेला. गप्प. लाकडी दाराजवळ नेला. गप्प. गल्लीतले सगळे लोक गप्प. मग त्याने तार चकचकीत मशीनच्या दिशेने सरकवली. अजून एक हात अंतर होतं.

हंऽऽऽऽऽऽऽऽऽ!

मूल घेतलेली बाई किंचाळून मागे सरली. रांगेतली माणसं एकमेकांवर आदळली.

"तुमचा डबाच बिघडलाय!" पंत म्हणाले. पण त्यांचा आवाज आधीसारखा राहिला नव्हता.

"मग ऑफिसातलं बटण बंद करा," काका म्हणाले.

पंतांनी जानव्याची किल्ली सोडली. आत गेले. खट्!

भुंगा जवळजवळ गप्प झाला.

"चालू करा."

हंऽऽऽऽऽऽ!

"बंद करा. आणि आता बंदच ठेवा," काका म्हणाले. "माझी डबी कालपासून माझ्या टेबलावर फुटून पडलीय, पंत. आता सांगा, हा करंट कुणाचा?"

 पंतांनी कालपासून दोनदा तोच नळ धरला होता. त्यांनी आपल्या पायांतल्या खडावांकडे बघितलं आणि ते मटकन पायरीवर बसले.

मेन स्विच बंद करून काकांनी मशीनमागची पेटी उघडली. बॅटरीच्या उजेडात त्यांनी बोट दाखवलं. लाल वायर जागेवर. काळी जागेवर. आणि हिरवी? हिरवी वायर नुसती लोंबत होती. तिच्या टोकाला नीटनेटकी काळी पट्टी गुंडाळली होती!

"हिरवी वायर जमिनीत जायला हवी," काकांनी मुलांना सांगितलं. "मशीनच्या अंगात चुकून करंट उतरला, तर त्याने माणसातून न जाता हिच्यातून जमिनीत जावं, म्हणून ती असते. ही कुठेच गेलेली नाही."

"बोलवा त्या मशीन जोडणाऱ्या रामधनीला!" पंत एकदम उसळले. "वायरमन म्हणे! हलगर्जी माणूस!"

रामधनी सायकलवरून आला. लोंबती वायर बघून तो जराही घाबरला नाही.

"हमारी क्या गलती, पंतजी? आपही तो बोले थे!"

"मी? मी काय बोललो?"

"आप यहीं खड़े थे। बोले, रामधनी, हरा तार खाली छोड़ने का है। हम तो पूछे भी, एकदम खाली? आप बोले, हां हां, एकदम खाली। तो हम टेप लगाकर खाली छोड़ दिए!"

"हो! बरोबर! खाली सोडायलाच सांगितलं होतं मी!" पंत ओरडले. "मग सोडली का नाहीस?"

"छोड़े तो हैं!"

"कुठे सोडलीस?"

"खाली!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. यात्रेकरूही बघत राहिले. बकुळ मात्र एक पाऊल पुढे आली. ती घरात मराठी बोलायची आणि गल्लीत हिंदी. तिला दोन्ही 'खाली' एकदम ऐकू आले.

"पंत!" ती म्हणाली. "मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला, जमिनीकडे. पण हिंदीत खाली म्हणजे रिकामं! रामधनीभैयांना वाटलं, तार रिकामी सोडायची! कुठेही न जोडता!"



"एका शब्दापायी?" शरदिनीबाई दारातून म्हणाल्या. त्यांचं मनगट फडक्याने बांधलेलं होतं. "एका शब्दापायी माझा जीव जायचा होता?"

रामधनी कपाळाला हात लावून खाली बसला. "हे संकठा मैया!"

"पण रामधनीभैया," देवव्रतने विचारलं, "वायरमनला ठाऊक नसतं का, हिरवी तार कुठे जाते?"

"मालूम था, बाबू," रामधनी मान न उचलता म्हणाला. "हमको शंका भी थी। सोचे, मालिक बोले हैं तो बोले हैं।"

पंत उठले. त्यांनी खडावा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी काकांसमोर येऊन उभे राहिले. "वासुदेवराव, चूक त्याची अर्धी. माझी जास्त. काल ही मुलगी पडली तेव्हाच मशीन बंद करायला हवं होतं. मी ऐकलंच नाही. तुमच्यावर आळ घेतला, तुमची वस्तू फोडली." खडावा त्यांनी पायरीवर ठेवल्या. "कबाड्याला मी परत पाठवतो. खोली तुमचीच आहे."

काकांनी मान हलवली. "आधी वायर जोडून घेऊ."

रामधनीने काकांच्या देखरेखीखाली हिरवी वायर जमिनीतल्या पाइपपर्यंत नेली, मशीन उघडलं आणि आतली उघडी पडलेली तार बदलली. दहा वाजता बटण पुन्हा चालू झालं. देवव्रतने भुंगा मशीनच्या अगदी जवळ नेला. सगळ्यांनी कान टवकारले.

काही नाही. भुंगा झोपला होता!

तरीही पहिला हात कुणी लावेना. शेवटी काकांनी चपला काढल्या, टेस्टर टेकवून बघितला, तो पेटला नाही, आणि मग ओल्या फरशीवर उभं राहून नळ सोडला. कडेवरच्या मुलाने गटागटा पाणी प्यायलं. वर्ध्याच्या बायकांनी मुलांना घेरलं. कुणी सईच्या गालावरून हात फिरवला, कुणी देवव्रतच्या खिशात पेढे कोंबले.

"ही पोरं नसती तर आज आमच्यातलं कोण घरी गेलं नसतं, कुणास ठाऊक," मूल घेतलेली बाई म्हणाली. पंतांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की धर्मशाळेतला प्रत्येक पंखा आणि प्रत्येक दिवा आजच मुलांच्या भुंग्यापुढे हजेरी देईल.

"आणि पाल?" देवव्रतने विचारलं. "माझी पाटी जाळली तुम्ही!"

"तुला नवीन पुठ्ठा देतो, बाबा!" पंत म्हणाले, आणि पहिल्यांदाच सगळे हसले.

शरदिनीबाई काकांजवळ आल्या. बांधलेला हात छातीशी धरून त्या तिघांकडे बघत होत्या.

"हुशार आहेत हो," त्या म्हणाल्या. "कुणाची मुलं ही?"

बकुळ आपल्या बाबांचं नाव सांगणारच होती. पण त्याआधी काकाच बोलले.

"माझ्या कारखान्यातली," ते म्हणाले. मग तिघांकडे वळले. "उभे काय राहिलात? उतरवलेले डबे जमिनीवर पडलेत. फळ्यांवर चढवायला कोण येणार?"